लग्न गावाला जाते, तेव्हा गावही लग्नाला यायला हवे

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या लग्नपत्रिकांवरचा पत्ता बदलू लागला आहे. घर मुंब्र्यात, कुर्ल्यात, मीरा रोडला किंवा पनवेलला. पण निकाह दापोलीला, श्रीवर्धनला, मुरुड-जंजिऱ्याला, नाहीतर थेट गोव्याला. आखाती देशांत, इंग्लंडमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेली कोकणी मुस्लिम कुटुंबेही मुलांची लग्ने पुन्हा कोकणात आणू लागली आहेत. कुणी आजोबांच्या गावच्या घरासमोर मांडव घालतो, कुणी गावापासून पाच-सात किलोमीटरवरचे रिसॉर्ट घेतो. याला आता सगळेच ‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणतात.

ही पद्धत चांगली की वाईट, या वादात आम्ही पडत नाही. मुलांना वाडवडिलांचे गाव दिसावे, दोन दिवस सगळे नातेवाईक एका छपराखाली राहावेत, ही इच्छा चांगलीच आहे. अशा लग्नात ‘लोकल टच हवा’ असेही मुले हौसेने सांगतात. प्रश्न इथेच सुरू होतो. हा लोकल टच म्हणजे नेमके काय? तो कुणाकडून घ्यायचा? त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे? आणि ज्या गावात आपण लग्न नेतो, त्या गावाचा त्यात वाटा किती?

सजावट वेगळी, रिवाज वेगळा

कोकणात होणाऱ्या काही लग्नांचे फोटो पाहिले की आपण राजस्थानात आहोत की काय, असे वाटते. समुद्राकाठी हवेलीचा देखावा, वऱ्हाडाच्या डोक्यावर रंगीत पगड्या, दाराशी उंटाचे कटआउट. काही ठिकाणी कोकण असते, पण ते भाड्याने आणलेले: दाराशी होडी, भिंतीवर जाळे आणि पाहुणे शरबत पीत असताना नाचणारे कोळी पथक. पथक नाचते, पैसे घेते, निघून जाते. त्यांना कुणी जेवायला बसवत नाही, नाव विचारत नाही.

याला सजावट म्हणावे, रिवाज नव्हे. सजावट इव्हेंटवाला ट्रकमध्ये घालून कुठेही नेऊ शकतो. रिवाज मात्र माणसांबरोबर राहतो. तो गावातल्या म्हाताऱ्या खालांच्या गळ्यात असतो, देगीवर बसणाऱ्या आचाऱ्याच्या हातात असतो, जमातीच्या बैठकीत असतो, शेजारच्या वाडीतून येणाऱ्या माणसाच्या हक्कात असतो. तो हवा असेल तर माणसांना बोलवावे लागते. लग्न गावाला न्यायचे आणि गावाला लग्नापासून दूर ठेवायचे, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

मदीनेच्या लोकांची आवड

स्थानिक रिवाजांचे नाव काढले की आपल्या घरांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, लग्नातले सगळे रिवाज बिदअत, सगळे बंद करा. दुसरा म्हणतो, हौस एकदाच होते, सगळे होऊ द्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील काही प्रसंग पाहिले तर या दोन्हींच्या मधली वाट स्पष्ट दिसते.

सहीह बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत आहे. त्यांनी एका वधूला तिच्या अन्सारी पतीच्या घरी पोहोचवले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, तुमच्याबरोबर काही करमणुकीची सोय नव्हती का, कारण अन्सारांना ते आवडते. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. अन्सार म्हणजे मूळचे मदीनेचे रहिवासी. मक्केहून आलेल्या मुहाजिरांच्या आणि त्यांच्या चालीरीती सारख्या नव्हत्या. ज्यांच्या घरी वधू चालली होती, त्यांच्या आवडीची प्रेषितांनी (स.) आठवण ठेवली.

दुसरा प्रसंग हजरत रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) यांच्या लग्नाचा. प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले, तेव्हा मुली दफ वाजवून बद्रच्या युद्धात शहीद झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांबद्दल गात होत्या. गाता गाता एका मुलीने अशा अर्थाची ओळ म्हटली की, आमच्यात असा प्रेषित आहे ज्याला उद्याचे ठाऊक असते. प्रेषितांनी (स.) ती ओळ थांबवली आणि आधी जे गात होतीस तेच गा, असे सांगितले. गाणे बंद केले नाही, चुकीची ओळ तेवढी काढली. रिवाज चाळून घ्यायचा म्हणजे काय, याचा यापेक्षा सोपा धडा आम्हाला तरी माहीत नाही.

तिसरा प्रसंग प्रवासातल्या लग्नाचा आहे. खैबरहून परतताना हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी निकाह झाल्यानंतर प्रेषित (स.) खैबर आणि मदीनेच्या दरम्यान तीन दिवस थांबले. तिथेच वलीमा झाला. त्यात रोटी नव्हती, गोश्त नव्हते. चामड्याची दस्तरखाने अंथरली गेली आणि त्यांवर खजूर, सुकवलेले दही आणि तूप ठेवले गेले. घरापासून दूर, वाटेत, जे हाताशी होते त्यात वलीमा पार पडला. घराबाहेर लग्न करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रसंग आठवावा.

या तीन प्रसंगांवरून आम्ही तीन साधे प्रश्न काढतो. रिवाज अकीद्याला किंवा शरीयतच्या मर्यादेला धक्का लावतो का? तो वधूच्या घरावर किंवा पाहुण्यांवर ओझे टाकतो का? आणि तो खरोखर त्या जागेच्या लोकांचा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘होय’ असेल, तर तो रिवाज खुशाल ठेवावा.

गाणी म्हणणाऱ्या खाला

कोकणी मुस्लिम घरांत लग्नाची सर्वात जुनी ठेव म्हणजे बायकांची गाणी. मांडवाची, हळदीची, मेहंदीची, मुलीच्या पाठवणीची. ती आपल्या कोकणी बोलीत असतात. त्यांत आईची माया असते, भावाची आठवण असते, व्याह्यांची थट्टा असते. पुस्तकात ती फारशी नाहीत. सत्तरीच्या घरातल्या बायांना पाठ आहेत आणि त्यांच्या मुलींना अर्धीमुर्धी. नातींना तर ती बोलीच नीट येत नाही, कारण त्या मुंबईत, दुबईत किंवा लंडनमध्ये वाढल्या. एका गावात जेमतेम तीन-चार बाया गाणाऱ्या उरल्या असतील, तर त्यांच्या हयातीत होणारे प्रत्येक लग्न ही ती गाणी ऐकण्याची एक संधी आहे. तिथे डीजे लावला की ती संधी गेली.

म्हणून हळदीची किंवा मेहंदीची एक रात्र बायकांसाठी राखून ठेवावी. गावातल्या गाणाऱ्या बायांना घरी जाऊन, मोठ्यांच्या मानाने आवतण द्यावे. लग्न रिसॉर्टवर असेल तर त्यांना आणण्या-पोहोचवण्यासाठी गाडी पाठवावी. कोपऱ्यात उभे न करता वधूच्या शेजारी बसवावे. मागे कमी आवाजात स्पीकरवर दुसरे काही सुरू ठेवू नये. निघताना साडी, मिठाई, जे शोभेल ते आदराने द्यावे.

गाणी रेकॉर्ड करायची इच्छा असेल, तर आधी विचारावे. बायकांच्या बैठकीतले गाणे मोबाइलवरून शंभर गटांत फिरणे अनेकींना आवडत नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे वहीत उतरवून घेणे. वधूच्या चुलत-मावस बहिणींपैकी एकीने आदल्या आठवड्यात बसून शब्द लिहून घ्यावेत, अर्थ विचारावा. आहेरातल्या बऱ्याच वस्तू दोन वर्षांत विसरल्या जातात. ती वही राहील.

वाद्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. दफबद्दल हदीसचा आधार आहे; त्यापलीकडे आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून ठरवावे. पण टाळ्यांच्या ठेक्यावर बायकांनी बायकांत गायलेल्या गाण्यांसाठी लाखाचे साउंड सिस्टीम लागत नाही, हे मात्र नक्की.

दस्तरखानावर कोकण

जेवणाच्या बाबतीत आपण सर्वात जास्त खर्च करतो आणि गाव सर्वात कमी दिसते. समुद्र समोर असताना पनीर टिक्का, चायनीज काउंटर आणि चॉकलेटचे कारंजे. कोकणातल्या मुस्लिम घरांचे स्वतःचे पदार्थ किती आहेत! तांदळाचा रवा आंबवून, नारळाचे दूध घालून वाफवलेले पांढरेशुभ्र सांदण. जाळीदार घावणे. तांदळाची भाकरी. नारळाच्या दुधातले कालवण. सुरमई, कोळंबी. मे महिन्यात हापूस आणि फणस. प्यायला कोकमाचे सरबत. बिर्याणी हवी तर जरूर असू द्या, पण सकाळच्या नाश्त्याला सांदण आणि घावणे ठेवली तर परगावचे पाहुणे तेच लक्षात ठेवतील.

यात एक मोठी गोष्ट अशी की हे पदार्थ गावातल्या बाया करू शकतात. पाचशे माणसांची बिर्याणी आचारी करेल. पण सांदणाची, घावण्यांची, भाकरीची ऑर्डर गावच्या महिला बचत गटाला किंवा घरगुती काम करणाऱ्या चार-पाच बायांना देता येते. महिनाभर आधी सांगावे, भाव ठरवावा, अर्धे पैसे आगाऊ द्यावेत. लग्नाचा पैसा गावात राहिला तर त्या लग्नाची दुआही गावातून येईल.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. जूनच्या लग्नात ताज्या सुरमईचा आग्रह धरला तर बर्फातली मासळी चढ्या भावाने येईल. आणि रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात गोश्त कुठून येते, जबिहा हलाल आहे का, भांडी वेगळी आहेत का, त्याच आवारात त्या दिवशी दारू दिली जाणार का, हे प्रश्न बुकिंग करण्याआधी विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. आपला आचारी नेण्याची परवानगी मिळत असेल तर उत्तमच.

निकाह रंगमंचावरचा खेळ नव्हे

रिवाजांची यादी करताना निकाहचे मूळ काम मागे पडू नये. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई मसलकचे आहेत, तर घाटावरचे बरेचसे मुसलमान हनफी. शाफिई मतानुसार निकाहसाठी वधूचा वली आवश्यक असतो. वडील आखातात असतील आणि रजा मिळाली नसेल, तर ऐनवेळी मांडवात फोन लावत बसण्याऐवजी त्यांनी आधीच वकील नेमावा. दोन घराण्यांचे मसलक वेगळे असतील, तर काजीसाहेबांना पंधरा दिवस आधी भेटून सगळे ठरवावे.

वकील आणि साक्षीदार वधूपर्यंत जाऊन तिची रजामंदी विचारतात आणि मग काजीसाहेब निकाह पढवतात, ही आपल्याकडची रीत जपण्यासारखी आहे. त्या दोन मिनिटांत मुलीला मेहेरची रक्कम स्पष्ट ऐकू येते आणि तिचा होकार तिच्याच तोंडून येतो. तिथे कॅमेरावाल्याने ‘परत एकदा बोला’ म्हणू नये. त्या वेळी खोलीत वधू, तिचे जवळचे लोक आणि वकील-साक्षीदार एवढेच असावेत. मेहेरची रक्कमही शोभेची असू नये. लग्नावर वीस लाख आणि मेहेर उधार, हा हिशेब कोणत्याच रिवाजात बसत नाही.

शक्य असेल तर निकाह गावच्या मशिदीत ठेवावा. मशिदीला भाडे नाही, सजावट लागत नाही, आणि नमाजला येणारा प्रत्येक गावकरी आपोआप साक्षी होतो. काही गावांत जमातीला आधी कळवण्याची, रजिस्टरमध्ये नोंद करण्याची, जमातीची भांडी आणि देगी वापरण्याची पद्धत असते. शहरातून येणाऱ्यांनी ती माहीत करून घ्यावी. जमातीला शेवटच्या दिवशी पत्रिका पाठवणे आणि महिनाभर आधी बैठकीत जाऊन सलाम करणे, यांत फार फरक आहे.

कागदांचे कामही विसरू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी करावी लागते. वधू-वरांपैकी कुणी परदेशात जाणार असेल, तर निकाहनाम्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, ते सही करण्याआधी पाहावे. नोंदणी कोणत्या कार्यालयात होईल, तेही तारीख ठरवतानाच विचारून घ्यावे.

मे महिन्यातले पाणी

कोकणात पाऊस भरपूर पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर येतो. नेमकी तीच वेळ लग्नाची. शाळांना सुट्टी, चाकरमानी घरी, आखातातले लोक रजेवर. अशा दिवसांत आठशे माणसे दोन दिवस गावात उतरली, तर त्यांच्या आंघोळीचे, वजूचे, भांड्यांचे पाणी कुठून येणार? गावाच्या विहिरीतून उपसले तर शेजारची बाई हंडा घेऊन कुठे जाणार? पाहुण्यांची संख्या ठरवताना आधी पाण्याचा हिशेब करावा. स्वतःचे टँकर सांगावेत, आणि शक्य झाले तर एक टँकर गावासाठी जास्त सांगावा. तो खर्च लग्नाच्या सदक्यात मोजावा.

आवाजाचेही तसेच. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर वाजवायला कायद्याने मनाई आहे. किनाऱ्यावर मांडव घालायचा तर परवानगी लागते. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात आणि उन्हाळ्यात पिल्ले बाहेर पडतात. तिथे रात्रीचे झगमगते दिवे आणि फटाके नकोतच.

शेजाऱ्यांनाही विसरू नये. कोकणातल्या गावात मुस्लिम मोहल्ल्याला लागून कुणबी, भंडारी, कोळी यांच्या वाड्या असतात. आजोबांच्या लग्नात त्यांच्यातले कुणी मांडवाला खांब दिले असतील, कुणी पाणी भरले असेल. नातवाच्या लग्नात त्यांना आवतण नसेल, तर तो कोकणाचा रिवाज नव्हेच. त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यांत शाकाहारी जेवण ठेवावे आणि यजमानांपैकी कुणीतरी स्वतः वाढायला उभे राहावे. प्रेषितांची (स.) एक हदीस आपल्याला माहीत आहे: ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्या जेवणाला त्यांनी सर्वात वाईट जेवण ठरवले. लग्न मुख्य रस्त्यापासून आत, गेटवर पहारेकरी असलेल्या रिसॉर्टमध्ये असेल, तर ही हदीस जास्तच लागू पडते. तिथे गरीब आपोआप वगळला जातो. म्हणून निकाह आणि एक जेवण तरी गावात ठेवावे. बाकीचे मग रिसॉर्टवर असो.

पाहुण्यांच्या खिशाचाही विचार असावा. प्रवास, राहणे, त्यात हळदीला पिवळा, मेहंदीला हिरवा, वलीम्याला आणखी तिसऱ्या रंगाचा पोशाख. चार माणसांच्या साध्या कुटुंबाला हे महिनाभराच्या पगाराचे काम होते. ते कधी उसने काढून येतात, कधी आजारपणाचे निमित्त सांगून येत नाहीत. पत्रिकेबरोबर ‘पोशाखाचे बंधन नाही’ एवढी ओळ छापली तर कितीतरी घरांचा जीव हलका होईल.

दुसऱ्या प्रांतात गेलात तर

लग्न आपल्या मुळाच्या गावी नसून दुसऱ्याच ठिकाणी असेल, तरी हाच विचार चालतो. छत्रपती संभाजीनगर म्हणजे जुन्या औरंगाबादेत लग्न असेल, तर तिथला नान-कलिया आहे, हिमरूचे विणकाम आहे. वराच्या शेरवानीसाठी मुंबईहून कापड नेण्यापेक्षा तिथल्या विणकराकडचा हिमरू घ्यावा. जवळच्या पैठणची पैठणी वधूला शोभेल. केरळला गेलात तर मापिला मुस्लिम बायका वधूभोवती टाळ्या वाजवत ओप्पना गातात. ती बायकांची बैठक आहे, तिला बायकांच्या बैठकीचाच मान द्यावा. गोव्यात फोंड्याची आदिलशाही काळातली सफा मशीद आहे. पाहुण्यांना किनाऱ्याबरोबर तीही दाखवावी आणि तिथे दोन रकअत नमाज पढावी.

मात्र सगळे प्रांत एकाच लग्नात गोळा करू नयेत. हळदीला कोकण, मेहंदीला राजस्थान, वलीम्याला लखनऊ असे केले की ते प्रदर्शन होते. ज्या जागी आहोत तिथले दोन-तीन रिवाज निवडावेत, ते जाणणाऱ्यांकडून समजून घ्यावेत आणि नीट करावेत.

तारीख ठरवण्याच्या बैठकीत आम्ही एवढेच सुचवू. हॉल, फोटोग्राफर आणि मेनूच्या आधी एक कागद घ्यावा. त्यावर गावातल्या त्या माणसांची नावे लिहावीत ज्यांच्यावाचून हे लग्न इथले होणार नाही: गाणाऱ्या खाला, काजीसाहेब, जमातीचे सदर, आचारी, सांदण करणारी बाई, शेजारच्या वाडीतले जुने स्नेही. पहिले आवतण त्यांना द्यावे. वधू-वरांनी स्वतः जावे, बसावे, चहा घ्यावा. मुले गाव पाहायला येतात. गावानेही त्यांना पाहिले पाहिजे, ओळखले पाहिजे, डोक्यावर हात ठेवला पाहिजे. अल्लाह आपल्या मुलामुलींच्या संसारात बरकत देवो आणि आपल्या गावांशी त्यांचे नाते टिकवून ठेवो. आमीन.